दोष कौलांचा की बांधणीचा?



‘कौले काढा, पत्रे घाला’ हा या वृत्तपत्रातील एका पत्रलेखकाचा सल्ला अर्धवट वाटतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कौलांबरोबर पत्रेही उडाले. छपरावरून वेगाने जाणारा वारा ते वर खेचतो, उघड्या पडवीत शिरलेला खालून रेटतो. ताण कडेला आणि आढ्याजवळ सर्वाधिक. कौल सुटले तर एकेक. पत्रा अख्खा सुटतो आणि शेजाऱ्याच्या अंगणात पात्यासारखा येतो. म्हणून मे महिन्यातच गंजलेले हुक आणि फाटके वॉशर बदलावेत, कडेच्या ओळीत हुक दाट घ्यावेत, वासे भिंतीशी लोखंडी पट्टीने जखडावेत. कौलांच्या शाकारणीला माणसे मिळत नाहीत, हे खरेच. पण प्रत्येक हुक नीट आवळणारा पत्रेवाला तरी कुठे सहज मिळतो?

— एक वाचक