निवारा आहे, घरकुलही आहे. मधल्या पायरीला निधी नाही

नवी दिल्ली : शहरी बेघरांच्या नावाने केंद्राचा पैसा आजवर दोन वाटांनी खर्च होत आला आहे. एक वाट रस्त्यावर आलेल्या माणसाला रात्र काढण्यासाठी उभारलेल्या निवारागृहांची. दुसरी, ज्याच्याकडे जागा, कागदपत्रे आणि थोडीफार बचत आहे त्याच्या पक्क्या घराची. भाडे थकल्याने पुढच्या महिन्यात खोली सोडावी लागणाऱ्या कुटुंबाला या दोन्ही वाटांवर थारा नाही. दीनदयाळ अंत्योदय योजनेतील राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. त्यानंतरच्या आराखड्याकडे पाहताना हीच पोकळी प्रथम तपासायला हवी.

निवारागृहांचा इतिहास हा बव्हंशी न्यायालयीन दट्ट्याचा इतिहास आहे. दिल्लीतील कडाक्याच्या थंडीच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक चोवीस तास खुले निवारागृह असावे, असे निर्देश दिले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या अभियानात त्यासाठी स्वतंत्र घटक आला. लाखामागे शंभर जणांची सोय आणि प्रत्येकी पन्नास चौरस फूट जागा, असे निकष ठरले. तरीही निधी असून निवारे नाहीत, ही तक्रार कायम राहिली आणि २०१६ मध्ये न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली पाहणी समिती नेमावी लागली. फेब्रुवारी २०२५ मधील सुनावणीत शहरी दारिद्र्य निर्मूलनाचे नवे अभियान अंतिम टप्प्यात असल्याचे ॲटर्नी जनरल आर. वेंकटरमणी यांनी सांगितले. त्या दिवशी चर्चा मात्र झाली ती फुकटच्या योजनांमुळे लोक काम करीत नाहीत, या खंडपीठाच्या शेऱ्याचीच.

योजना आखताना हाती असलेली संख्या २०११ च्या जनगणनेची आहे. देशात १७.७३ लाख बेघर, त्यांपैकी ९.३८ लाख शहरांत. उत्तर प्रदेशाखालोखाल महाराष्ट्रात, सुमारे २.११ लाख. पदपथ, उड्डाणपुलाखालची जागा, फलाट, देवळांचे आवार, मोठ्या सिमेंटच्या नळ्या अशा ठिकाणी २८ फेब्रुवारी २०११ च्या एका रात्रीत झालेली ही मोजणी आहे. त्या रात्री नातेवाइकाच्या खोलीत दाटीवाटीने झोपलेले, घर नुकतेच गमावलेले कुटुंब तीत येत नाही.

घरबांधणीचा आवाका मोठा आहे, यात शंका नाही. शहरी पंतप्रधान आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात १.१८ कोटी घरे मंजूर झाली. दुसऱ्या टप्प्यात एक कोटी कुटुंबांसाठी २.३० लाख कोटी रुपयांचे शासकीय साहाय्य ठरले. पण लाभार्थीने स्वतः बांधायच्या घराला स्वतःची जागा लागते आणि भागीदारीतील घराला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो. टाळेबंदीत मजुरांचे लोंढे गावाकडे गेल्यानंतर, जुलै २०२० मध्ये, परवडणाऱ्या भाडेघरांची योजना आली. सरकारी पैशाने बांधून रिकामी पडलेली घरे भाड्याने देण्याचा तो विचार रास्त होता. चंडीगड, सुरत अशा मोजक्या शहरांत तो प्रत्यक्षात आला. आता भाडेघरे आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही आहेत, पण तिथेही भर इमारतींवर आहे. भाडेकरूचे भाडे थकले तर काय, याचे उत्तर त्यात नाही.

गरिबाला नवी खोली मिळण्यात बहुधा पहिली अडचण अनामत रकमेची असते. २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली. परंतु हा नमुना कायदा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि तोंडी व्यवहारावर चालणाऱ्या वस्तीत तो लागू होऊनही किती उरेल, हे सांगायला नको.

अमेरिकेने २००९ च्या मंदीत नेमक्या याच पायरीवर दीड अब्ज डॉलर खर्ची घातले. थकलेले भाडे, अनामत, वीजबिल यांसाठी अल्पकाळ मदत आणि आधीच रस्त्यावर असलेल्यांना लवकरात लवकर भाड्याच्या घरात नेणे, असे त्या तीन वर्षांच्या कार्यक्रमाचे स्वरूप होते. अशा मदतीचा परिणाम शिकागोतील एका अभ्यासातून दिसतो. तेथील मदतवाहिनीकडे कधी निधी असे, कधी नसे. निधी असलेल्या दिवशी दूरध्वनी केलेल्यांपैकी पुढील सहा महिन्यांत निवारागृहात जाणाऱ्यांचे प्रमाण निधी नसलेल्या दिवसांच्या तुलनेत ७६ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र त्याच अभ्यासात एक सावधगिरीची सूचनाही आहे. मदत न मिळालेल्यांपैकीही जेमतेम दोन टक्के निवाऱ्यात पोहोचले होते, म्हणजे बराचसा पैसा अन्यथाही तग धरणाऱ्यांकडे गेला. शिवाय जानेवारी २०२४ च्या एका रात्रीच्या मोजणीत अमेरिकेत ७.७१ लाख बेघर आढळले. वर्षभरात १८ टक्क्यांची वाढ. भाडी भडकत असताना तात्पुरती मदत एकटी पुरी पडत नाही.

भारतात निवड आणखी अवघड आहे. लेखी करार नाही, भाड्याची पावती नाही, मग थकबाकी सिद्ध कशी करायची? केंद्राने दिल्लीतून निकष ठरवले तर कागदपत्रे असलेलेच पुन्हा पुढे येतील. त्यापेक्षा वस्तीतील बचत गट आणि निवारागृह चालवणाऱ्या संस्था यांच्या शिफारशीवर महापालिकांनी वापरायचा छोटा निधी काही शहरांत अजमावून पाहणे अधिक व्यवहार्य ठरेल.

भाडे थकणे हे बेघर होण्याचे एकमेव कारण नाही. पाडकाम हे दुसरे. मुंबईच्या पदपथवासीयांविषयीच्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ मध्ये उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला, तरी त्यांना हटवण्याची मुभा कायम राहिली. नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली. रस्ते, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा आणि जलाशयांवरील अनधिकृत बांधकामे मात्र त्या संरक्षणातून वगळली आहेत. सर्वांत गरिबांच्या झोपड्या बहुधा तिथेच असतात.