अनुराग आणि अधिस्वीकृती

प्रतिस्पर्धी पत्रांतील दोन बातमीदारांचे प्रेम जमले, की दोन्ही कचेऱ्यांतील वडीलधारी मंडळी एकच भाकीत वर्तवितात: एकाच्या हातची बातमी दुसऱ्याने आधी छापली, की हे प्रकरण आटोपलेच. वृत्तव्यवसायाच्या इतिहासातील या प्रकारचा सर्वांत विख्यात दाखला नीट तपासला, तर हे भाकीत भलत्याच ठिकाणी बोट ठेवते, अशी माझी खात्री आहे. कारण अर्नेस्ट हेमिंग्वे आणि मार्था गेलहॉर्न यांचा संसार चढाओढीने मोडला नाही, एकाने दुसऱ्याचा चढाओढीत उतरण्याचा हक्कच हिरावून घेतला म्हणून मोडला.

1936 च्या डिसेंबरात फ्लोरिडातील की वेस्ट येथे त्यांची ओळख झाली आणि पुढच्याच वर्षी, फ्रँकोच्या तोफा ज्या शहरावर रोज धडधडत होत्या त्या माद्रिदमध्ये, हॉटेल फ्लोरिडाच्या आश्रयाने ती दृढ झाली. हेमिंग्वे एका अमेरिकन वृत्तसंस्थेसाठी तारा पाठवीत. गेलहॉर्नबाईंनी ‘कोलियर्स’ साप्ताहिकासाठी लिहिण्यास तेथूनच आरंभ केला. शहर एक, मारा एक, रात्रीचे भोजनही पुष्कळदा एकाच मेजावर. तरीही बाईंची लेखणी लष्करी डावपेचांकडे न वळता, भर माऱ्यात लहान मुलाला हाताशी धरून चौक ओलांडणाऱ्या वृद्धेकडे वळली, आणि तेथेच त्यांना स्वतःचा विषय गवसला. 1940 च्या नोव्हेंबरात त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली ‘फॉर हूम द बेल टोल्स’ ही कादंबरी हेमिंग्वे यांनी त्यांनाच अर्पण केली होती. 1941 साली हे दांपत्य चीनच्या युद्धभूमीवर गेले, तेव्हाही बाई ‘कोलियर्स’च्या आणि पती न्यूयॉर्कच्या ‘पीएम’ या दैनिकाचे, अशीच वाटणी होती. प्रवास एकत्र, मजकूर आपापला, या रीतीने स्पर्धा आणि प्रीती यांचा सहवास काही वर्षे निर्वेध चालला, ही गोष्ट भाकीत करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

बिघाड झाला तो पुढे. 1943 च्या अखेरीस बाई युद्धवार्तांसाठी युरोपात गेल्या आणि क्युबातील घरी एकटे राहिलेल्या पतीला पत्नीचे हे कर्तव्य अपराधासारखे वाटू लागले. कोणत्याही नियतकालिकाने ज्यांचे पायघड्या घालून स्वागत केले असते त्या हेमिंग्वे यांनी 1944 साली, युरोपवरील स्वारी तोंडावर आली असता, नेमकी ‘कोलियर्स’चीच युद्धवार्ताहराची नेमणूक पदरात पाडून घेतली, आणि सात वर्षे त्या साप्ताहिकासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या बाईंची जागा एका रात्रीत दुय्यम झाली. स्त्रियांना आघाडीवर जाण्यास अमेरिकन लष्कराची मनाई होतीच. लष्कराने बंद केलेल्या दाराला पतीने आतून कडी घातली. ते विमानाने लंडनला पोहोचले; बाईंची रवानगी झाली ती स्फोटके भरलेल्या मालवाहू जहाजाने.

यानंतरचा प्रसंग वृत्तव्यवसायाने कायमचा स्मरणात ठेवावा असा आहे. 6 जून रोजी हेमिंग्वे यांनी नॉर्मंडीचा किनारा सैनिक उतरविणाऱ्या होडीतून पाहिला, परंतु वार्ताहरांना उतरण्याची मुभा नसल्यामुळे वाळूला पाय न लावता ते परतले. इकडे गेलहॉर्नबाई एका रुग्णनौकेच्या स्नानगृहात स्वतःला कोंडून घेऊन परवान्यावाचून निघाल्या आणि जखमींना उचलून आणणाऱ्या पथकाबरोबर प्रत्यक्ष किनाऱ्यावर उतरल्या. या धाडसाबद्दल त्यांची अधिस्वीकृती काढून घेण्यात आली. तथापि जखमी सैनिकांच्या परतीचे जे वृत्त त्यांनी लिहिले ते ‘कोलियर्स’ने ऑगस्टमध्ये छापलेच. 1945 साली घटस्फोट झाला, आणि त्याच वर्षी डाखाऊच्या छळछावणीचे वृत्त बाईंनी जगापुढे ठेवले.

आपल्याकडील वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतही निरनिराळ्या पत्रांत काम करणारी जोडपी आता अपूर्वाईची राहिलेली नाहीत. अशा विवाहाची वार्ता कळताच संपादकाने हितसंबंधांचा प्रश्न उपस्थित करावा, हे रास्तच होय. वाचकाचा विश्वास ही पत्राची खरी सनद असल्यामुळे, कोणत्या बातम्यांपासून कोणी दूर राहावे हे उघडपणे, कागदावर आणि दोघांच्याही बाबतीत सारख्याच कसोटीने मुक्रर व्हावे. परंतु मंत्रालय किंवा न्यायालय हे क्षेत्र वर्षानुवर्षे सांभाळलेल्या वार्ताहर स्त्रीला, केवळ तिचा पती समोरच्या पत्रात तेच क्षेत्र सांभाळतो म्हणून, ‘तुझ्याच सोयीसाठी’ असे सांगून रविवारच्या पुरवणीकडे वळविणे हा सरळ अन्याय आहे. आणि हा सल्ला संपादकाआधी पतीनेच दिला, तर तो अधिक दारुण आहे. कारण बदलीच्या हुकुमाविरुद्ध दाद मागता येते, मायेच्या शब्दांत गुंडाळलेल्या हुकुमाविरुद्ध कोणत्या दफ्तरात अर्ज करावयाचा?

म्हणून अशा विवाहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुण बातमीदारांना माझे कळकळीचे सांगणे आहे. जोडीदाराने आपल्याआधी बातमी दिली, तर रात्रभर हळहळावे आणि सकाळी मोकळ्या मनाने अभिनंदन करावे. कामाची गुपिते घरात न आणण्याचा करार आरंभीच करावा. पण जोडीदाराच्या क्षेत्रावर, नेमणुकीवर आणि बातमीवरील नावावर कधीही हात टाकू नये. ज्याच्याशी स्पर्धा करण्याची आपली तयारी आहे, त्यालाच आपण बरोबरीचा मानतो. आणि बरोबरी जेथे मानली जात नाही, तेथे प्रीतीच्या शपथा कितीही घेतल्या तरी त्या टिकण्यास आधार उरत नाही.