लाज पोरीला, मोकळा मात्र गुन्हेगार

झरी जामणीचे नाव जिल्ह्याबाहेर निघाले की 'कुमारी मातां'चा विषय हमखास निघतो. वृत्तपत्रांतून हा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे. पोडावरची कोलाम पोरगी, तिला लग्नाचे आमिष दाखवणारा बाहेरचा ठेकेदार किंवा गावातलाच पैसेवाला आणि दिवस गेले की त्याने हात वर करणे, ही कहाणी आता सर्वांना पाठ आहे. चर्चा मात्र अब्रूची होते. पोरीच्या आणि पोटातल्या लेकराच्या जिवाचे कोणी विचारत नाही.

जिवाचा हिशेब सरळ आहे. पोरगी भीतीने गरोदरपण लपवते. पहिल्या तीन महिन्यांत व्हायची नोंदणी सातव्या-आठव्या महिन्यावर जाते. मग लोहाच्या गोळ्या नाहीत, रक्तदाब कोणी पाहिलेला नाही, सिकलसेलची तपासणी नाही. वय कोवळे असेल तर झटके येण्याचा, बाळंतपण अडण्याचा धोका वाढतो. कोणी गावठी औषधाने पोट पाडायला नेले, तर रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने जीव जाऊ शकतो. फसवणाऱ्याने गुप्तरोग दिला असेल तर तो बाळापर्यंत पोहोचू शकतो.

लग्न झालेल्या बायांचेही सारे आलबेल आहे असे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी शंभरात सुमारे २५ जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. दारू पिऊन पोटावर लाथ बसली की वार सुटू शकते, गर्भ जाऊ शकतो, दिवस भरण्याआधी कळा लागतात. मार खाणाऱ्या बायांची बाळे कमी वजनाची होण्याचा धोका अधिक, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालीच मांडले आहे. गाभण गाईला कोणी काठी लावत नाही, एवढे शहाणपण शेतकऱ्याला आहे. ते घरात का नसावे?

कायदा कमी पडतो असेही नाही. मुलगी अठराच्या आतली असेल, तर तिची 'संमती होती' ही सबब २०१२ च्या पोक्सो कायद्यापुढे टिकत नाही. लग्नाचे खोटे वचन देऊन संबंध ठेवणाऱ्यास जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोरगी आदिवासी आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल, तर ॲट्रॉसिटीचा कायदाही लागतो. बलात्कारपीडित आणि अल्पवयीन मुलींना २०२१ च्या दुरुस्तीनुसार चोवीस आठवड्यांपर्यंत दवाखान्यात सुरक्षित गर्भपात करता येतो. पीडितेवर मोफत उपचार करणे सरकारी-खासगी प्रत्येक दवाखान्याला बंधनकारक आहे.

मग अडते कुठे? अडते ते गावात. तक्रार ठाण्यात जाण्याआधी बैठक बसते, चार पैशांत 'मिटवामिटवी' होते. पैसे महिनाभरात संपतात, लेकरू जन्मभराचे असते. असा सौदा करणारी पंचमंडळी गुन्हेगाराला हातभार लावतात, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

ग्रामपंचायतीच्या हातात बरेच आहे. जन्मनोंदणीला आलेल्या कुमारी मातेला बापाचे नाव नाही म्हणून परत पाठवू नये. बापाचे नाव नसले तरी आईच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल आहे. या दाखल्यावरच लेकराची पुढची शाळा आणि योजना अवलंबून आहेत. बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, त्याने ती कागदावरच ठेवू नये. आशाताईने महिन्यातून एकदा तरी पोडावर जावे, पोरीशी एकटीने बोलावे, बोललेले चारचौघांत सांगू नये. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झाले. मार खाल्लेल्या बाईला दवाखान्यातच आधार देण्याची ही रीत तालुक्याच्या ठिकाणीही यायला हवी.

शेतकरीबंधूंनी आपल्या शेतावर वेचणी-निंदणाला येणाऱ्या बायांशी मुकादम कसा वागतो, यावर डोळा ठेवावा. मदतीसाठी १८१, आणि मुलगी लहान असेल तर १०९८, हे आकडे अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. पोरीने मान खाली घालायचे कारण नाही. ज्याने तिला फसवले, मान त्याची खाली गेली पाहिजे.