चाकांवरचे घर आणि मोजूनमापून पाणी

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेर उभे राहते. वाळूच्या टेकड्या, उंटांची रांग आणि डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या बायका. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातही असाच रखरखीत मुलूख शेकडो मैल पसरलेला आहे. तिथे सुट्टीला जाणारी कितीतरी कुटुंबे उंटावर बसत नाहीत की हॉटेलातही उतरत नाहीत. ती आपले घरच सोबत नेतात.

या फिरत्या घराला तिथे 'आरव्ही' म्हणतात. मिनीबसएवढी गाडी, आत गॅसची शेगडी, फ्रीज, झोपायला बिछाने, चिमुकली न्हाणी आणि संडास. गाडी भाड्यानेही मिळते. कॅलिफोर्नियात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही सोय चांगलीच मानवते. भारतातून आईवडील आलेले असले, आजोबांचे पथ्य असले, आजींचे गुडघे दुखत असले, तर चार माणसांत अवघडून बसायला नको. वाटेत गाडी थांबवून कुकर लावता येतो आणि मुलांना भूक लागली की गरम खिचडी समोर येते.

मात्र घर सोबत आले म्हणजे घरची निश्चिंतीही सोबत आली, असे समजणे वाळवंटात महागात पडते.

मृत्यूची दरी

कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमेवर डेथ व्हॅली आहे. १९९४ साली तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे १३,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्यापेक्षा थोडेसेच कमी. बॅडवॉटर नावाचा मिठाने पांढराशुभ्र झालेला सपाट भाग समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. १० जुलै १९१३ रोजी इथल्या फर्नेस क्रीक येथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले. जागतिक हवामान संघटना आजही हाच जगातील उच्चांक मानते.

म्हणूनच इथे सहलीचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. तेव्हा दिवस आल्हाददायक असतात, रात्री मात्र स्वेटर लागतो. उन्हाळ्यात आरव्ही भाड्याने देणाऱ्या अनेक कंपन्या आपली गाडी या दरीत नेऊच देत नाहीत. कच्च्या रस्त्यावर नेण्यालाही बहुधा मनाई असते. रंगीबेरंगी डोंगरांतून जाणारा आर्टिस्ट्स ड्राइव्ह हा रस्ता वळणावळणांचा असल्याने २५ फुटांहून लांब गाड्यांना तो बंद आहे. तेव्हा गाडी ठरवतानाच तिची लांबी विचारून घ्यावी.

हे नियम जाचासाठी नाहीत. जुलै १९९६ मध्ये दोन मोठी माणसे आणि दोन मुले असे जर्मनीहून आलेले एक कुटुंब भाड्याच्या व्हॅनमधून इथे फिरत होते. ते परतलेच नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्यांची व्हॅन एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात, टायर फुटलेल्या अवस्थेत सापडली. मोठ्या माणसांचे अवशेष मिळायला २००९ साल उजाडावे लागले. मुख्य रस्ता सोडून एक आडवाट धरली, एवढेच निमित्त. आज मोबाइल आले असले तरी दरीच्या बहुतेक भागात ते लागत नाहीत. घरून निघताना कागदी नकाशा घ्यावा, कुठे जाणार आणि कधी परतणार हे कुणाला तरी सांगून ठेवावे आणि गाडी बंद पडलीच तर ती सोडून चालत सुटू नये. गाडी सावली देते आणि शोध घेणाऱ्यांना लांबून दिसते.

टाकीचा हिशेब

मध्यम आकाराच्या आरव्हीत स्वच्छ पाण्याची टाकी साधारण दीडशे लिटरची असते. वाळवंटात माणशी दिवसाला निदान चार लिटर पाणी पिण्यासाठीच धरावे, असे उद्यानाचे अधिकारी सांगतात. आजी-आजोबा, आईबाबा आणि दोन मुले असतील तर हेच झाले चोवीस लिटर. आता शॉवरचा हिशेब पाहा. मिनिटाला सात-आठ लिटर पाणी जाते. एकाने दहा मिनिटे मनसोक्त आंघोळ केली की अर्धी टाकी संपली! दुसऱ्याची आंघोळ झाली की भांडी घासायलासुद्धा पाणी उरत नाही.

इथे आजींचा सल्ला मोलाचा ठरतो. ज्यांच्या नळाला तासभरच पाणी येते, त्यांना एका बादलीत आंघोळ उरकण्याची कला शिकवावी लागत नाही. अंग ओले केले की नळ बंद, साबण लावून झाला की पुन्हा चालू. भांडी आधी कागदाने पुसून मग विसळायची. नातवंडांना सुरुवातीला हे सारे विचित्र वाटते, पण टाकीचा काटा उतरताना डोळ्यांनी दिसू लागला की तीच मुले मोठ्यांना टोकू लागतात. पिण्याच्या पाण्याचे कॅन मात्र वेगळे ठेवावेत आणि टाकीवर त्यांचा भरवसा टाकू नये.

सांडपाण्याच्या आणि संडासाच्या टाक्याही असतात. त्या वाळूत रिकाम्या करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी ठरावीक जागा असतात. तिथे हातमोजे घालून जाड नळी जोडावी लागते. हे काम कुणालाच आवडत नाही, म्हणून पाळी लावणे बरे. स्वयंपाक आईने करायचा, भांडी आजीने घासायची आणि बाकीच्यांनी निसर्ग पाहायचा, अशी वाटणी इतक्या लहान घरात दोन दिवसही टिकत नाही.

मुलांचे अंगण

दक्षिणेकडील जोशुआ ट्री हे उद्यान मुलांना विशेष आवडते. हात वर करून उभ्या असलेल्या माणसांसारखी दिसणारी इथली झाडे म्हणजे युक्का जातीची वनस्पती. तिचे परागीकरण एक लहानसा पतंग करतो आणि त्याच्या अळ्या तिच्याच बिया खाऊन वाढतात. एकावाचून दुसऱ्याचे चालत नाही. प्रचंड गोलसर खडकांवर चढउतार करण्यात मुलांचे तास कसे जातात ते कळत नाही. चोया नावाच्या निवडुंगापासून मात्र दूर राहावे. त्याचे काटेरी गोळे नुसता स्पर्श झाला तरी अंगाला चिकटतात. हाताने ओढण्याऐवजी ते कंगव्याने उचकटावेत. जंपसूट वा नायलॉनपेक्षा सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी बरी. इथल्या बहुतेक तळांवर पाण्याचा नळ नाही, हे विसरू नये.

उद्यानातील रेंजर मुलांना एक पुस्तिका देतात. पाऊलखुणा ओळखणे, झाडांची चित्रे काढणे अशा गोष्टी पूर्ण केल्या की मुलांकडून निसर्ग जपण्याची शपथ घेऊन त्यांना 'ज्युनियर रेंजर'चा बिल्ला देतात. रात्री दिवे मालवून बाहेर खुर्च्या टाकल्या की आकाशगंगा अशी काही उजळते, की शहरातील मुले अवाक् होतात.

दूरवर ढग गडगडू लागले तर मात्र कोरड्या ओढ्यात तंबू किंवा गाडी ठेवू नये. २० ऑगस्ट २०२३ रोजी डेथ व्हॅलीत वर्षभराचा पाऊस एका दिवसात कोसळला, रस्ते वाहून गेले आणि उद्यान ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवावे लागले.

आधीचे रहिवासी

या दरीला 'मृत्यूची दरी' हे नाव १८४९-५० च्या हिवाळ्यात पडले. सोन्याच्या शोधात निघालेली, जवळच्या वाटेच्या मोहात फसलेली मंडळी इथे अडकली होती. टिंबिशा शोशोनी जमातीची माणसे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून इथे राहत आली आहेत. हिवाळ्यात दरीत झऱ्याजवळ आणि उन्हाळा चढू लागला की थंडाव्याला डोंगरावर, असा त्यांचा शिरस्ता होता. अमेरिकी सरकारने २००० साली कायदा करून त्यांची काही जमीन त्यांना परत दिली.

घर हलते ठेवायची कल्पना म्हणजे काही आरव्हीवाल्यांचा शोध नव्हे. शोशोनी कुटुंबे पाणी कुठे आहे आणि ऋतू कोणता आहे हे पाहून घर हलवत, म्हणून त्यांची मुलेबाळे इथे वाढली. इंजिन आणि फ्रीज सोबत असले तरी आजच्या पाहुण्यांनाही तोच नियम लागू आहे.