हवेतले तेल आणि कागदावरची काटकसर

2015 सालच्या पावसाळ्यातील एका सकाळी आमच्या कार्यालयाची कर्मचाऱ्यांना आणणारी बस होसूर रस्त्यावर, बोम्मसंद्र्याच्या थोडे अलीकडे, भर रस्त्यात जागीच थांबली. इंजिन चालू होते, टाकीत डिझेल होते, चाके शाबूत होती. परंतु चालकासमोरील हवेच्या दाबाचा काटा हळूहळू खाली आला आणि गाडी हलेनाशी झाली. मोठ्या गाड्यांचे पार्किंग ब्रेक दणकट स्प्रिंगने आवळलेले असतात व हवेचा दाब त्यांना मोकळे ठेवतो. दाब गेला की स्प्रिंग आपले काम करते. म्हणजे गाडी थांबली ती सुरक्षिततेच्या रचनेमुळेच. कोणास इजा झाली नाही. मागे मात्र कारखान्यांच्या बसगाड्या आणि तमिळनाडूकडे निघालेले ट्रक यांची लांब रांग लागली. दुपारी माझ्या टेबलावर एक नस्ती आली. त्या गाडीसाठी नवा एअर कॉम्प्रेसर खरेदी करण्यास मंजुरी मिळावी, असा प्रस्ताव होता. दोन वर्षांतील हा तिसरा कॉम्प्रेसर.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. हातात पाना धरल्याचे मला आठवत नाही. परंतु एकाच गाडीला दोन वर्षांत तीन कॉम्प्रेसर लागत असतील तर दोष कॉम्प्रेसरचा नसावा, एवढे कळण्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. मंजुरी देण्यापूर्वी गाडी ज्या वर्कशॉपमध्ये नेली होती तेथे जाण्याचे मी ठरविले. बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका आतल्या गल्लीत, लेथच्या दुकानांना लागून, ते लहानसे वर्कशॉप होते. तेथील वयस्कर मिस्त्री निपाणीकडचे निघाले. माझे आडनाव ऐकताच त्यांनी मराठीत विचारले, “साहेब, आपल्याकडचेच म्हणायचे की तुम्ही?” परमुलखात हे वाक्य कानी पडले की अर्धे काम झाल्यासारखे वाटते.

मिस्त्रींनी फारसे बोलणे केले नाही. हवेच्या टाकीखालचा निचरा करणारा कॉक त्यांनी उघडला आणि त्याखाली पांढरा कागद धरला. हवेबरोबर दुधाळ, तपकिरी, चिकट असा पातळ चिखल कागदावर उडाला. दूध घातलेल्या कॉफीचा रंग असतो, तसा. “ही हवा म्हणायची काय, साहेब?” ते म्हणाले. “ब्रेकला हेच जातंय.”

हा चिखल म्हणजे तेल आणि पाणी यांचे मिश्रण होते. बहुतेक डिझेल बस-ट्रकमध्ये कॉम्प्रेसर इंजिनवरच बसविलेला असतो आणि त्याच्या पिस्टनला वंगण मिळते ते इंजिनच्या तेलाचेच. पिस्टनच्या रिंगा चुकवून थोडेफार तेल हवेबरोबर पुढे जाणारच. ते शून्य करता येत नाही. ते मर्यादेबाहेर गेले की मात्र पुढचा सारा संसार बिघडतो. कॉम्प्रेसरमधून हवा निघते तेव्हा तिचे तापमान 200 अंश सेल्सिअसच्या वरही जाऊ शकते. त्या उष्णतेत तेल जळून नळीच्या आत कोळशासारखा थर धरते. नळी अरुंद होते, कॉम्प्रेसरला अधिक जोर लावावा लागतो, तो आणखी तापतो आणि आणखी तेल फेकतो. उरलेले तेल एअर ड्रायरमध्ये पोहोचते. ड्रायरच्या डब्यात साबुदाण्यासारखे पांढरे मणी असतात आणि हवेतील बाष्प शोषणे हे त्यांचे काम. तेलाचा लेप बसला की मणी तपकिरी होतात व पाणी शोषणे सोडून देतात. मग पाणी थेट टाक्यांत जाते, पत्रा गंजतो, झडपांतील रबर फुगते अथवा चिकटते आणि पाय पेडलवर पडल्यानंतर ब्रेक लागण्यास विलंब होतो. हा विलंब क्षणाचाच असतो. परंतु अपघातही क्षणातच होतात.

“मग कॉम्प्रेसर खराब आहे, हे खरेच की,” असे मी म्हणालो. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलविली. साबणाचे पाणी व ब्रश घेऊन ते गाडीखाली शिरले. दाराच्या सिलिंडरजवळ, मागच्या एअर सस्पेंशनच्या जोडावर आणि एका जुन्या नळीवर बुडबुडे आले. गळती अशी तीन ठिकाणी होती. टाक्या भरल्या की कॉम्प्रेसरने विसावा घ्यायचा असतो. ड्रायरमधून येणारा तो ‘फुस्स’ आवाज ही विसाव्याची खूण. लांब पल्ल्याच्या गाडीत कॉम्प्रेसरने साधारण चौथा हिस्सा वेळच भार घेऊन चालावे, असा ढोबळ हिशेब आहे. दारे व ब्रेक सतत वापरणाऱ्या शहरी बसमध्ये हे प्रमाण वाढते. आमच्या गाडीचा कॉम्प्रेसर जवळजवळ विसावा न घेता चालत होता. जो सतत चालतो तो तापतो आणि जो तापतो तो तेल फेकतो. आम्ही दर खेपेस नवा कॉम्प्रेसर बसवीत होतो आणि तीन छिद्रे त्यालाही धावावयास लावीत होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण मला तेथे आठवली.

इथपर्यंतची गोष्ट सांगून मी थांबलो असतो तर वर्कशॉप, पुरवठादार अथवा वाहन शाखा यांपैकी कोणास तरी दोष देऊन मोकळा झालो असतो. परंतु कार्यालयात परतल्यावर मी देखभालीच्या जुन्या नस्त्या मागविल्या आणि त्यांत माझीच सही सापडली. दोन वर्षांपूर्वी काटकसरीच्या सूचना आल्या तेव्हा ड्रायरचे कार्ट्रिज दरवर्षीऐवजी दोन वर्षांनी बदलावे, अशी शिफारस मी केली होती. त्याच टिपणीत, तेल अडविणारा थर असलेल्या महाग कार्ट्रिजऐवजी साधे कार्ट्रिज घ्यावे, असेही मी सुचविले होते. बचतीचा आकडा मी ठळक अक्षरांत मांडला होता. वरिष्ठांनी त्याखाली ‘उत्तम’ असा शेरा दिला होता.

याहून अधिक बोचली ती दुसरी गोष्ट. गाडीच्या लॉगबुकात चालकाने तीन वेगवेगळ्या तारखांना एकच नोंद केली होती. ती कन्नडमध्ये होती. मला ती लिपी तेव्हा वाचता येत नव्हती आणि वाचून घ्यावी असे कधी वाटलेही नव्हते. एका सहकाऱ्याने अर्थ सांगितला: ‘ब्रेक उशिरा धरतो.’ त्या तिन्ही पानांवर माझ्या शाखेची ‘तपासले’ अशी मोहोर होती. आपण घराबाहेर राहणारी माणसे, ज्या गावात राहतो तेथील भाषेचे न शिकणे ही आपल्याला केवळ सांस्कृतिक उणीव वाटते. त्या दिवशी मला कळले की ती चाळीस माणसांच्या जिवाशी निगडित असलेली प्रशासकीय चूकही असू शकते.

येथे मला जो मुद्दा मांडावयाचा आहे तो असा. काटकसर वाईट नव्हे. कार्ट्रिज दरवर्षी डोळे मिटून बदलणे हीसुद्धा उधळपट्टी ठरू शकते. चूक ही की गाडीकडे न पाहता मी आकडा बदलला. कार्ट्रिज किती टिकेल हे दिनदर्शिका ठरवीत नाही. कॉम्प्रेसर किती चालतो आणि किती तेल फेकतो, यावर ते ठरते. आमच्याकडे मात्र कार्ट्रिज ‘किरकोळ सुटे भाग’ या खर्चात, कॉम्प्रेसर ‘मोठी दुरुस्ती’ या खर्चात आणि बंद पडलेल्या सकाळीचा खर्च कोणत्याच शीर्षाखाली नाही. पहिल्या शीर्षात वाचविलेला रुपया दुसऱ्या शीर्षात कित्येक पटींनी बाहेर पडला, तरी पहिल्या शीर्षाच्या अधिकाऱ्यास शाबासकी मिळते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला हे एकाच घरात होते, म्हणून निदान लक्षात तरी येते. सरकारात कोंबडी एका शाखेची असते आणि मसाला दुसरीचा.

सर्वसाधारण वित्तीय नियम, 2017 यांतील एकविसावा नियम सांगतो की, सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या पैशाबाबत जी दक्षता बाळगतो तीच अधिकाऱ्याने सार्वजनिक पैशाबाबत बाळगावी. हे तत्त्व 2005 च्या नियमांतही होते. आपण त्याचा अर्थ ‘कमी खर्च करा’ एवढाच घेतो. परंतु स्वतःचा ट्रक असलेला विवेकी मनुष्य ब्रेकच्या हवेत पैसे वाचवीत नाही. तो रोज संध्याकाळी टाकीचा कॉक उघडून पाहतो.

पुढे आम्ही केले ते फार थोडे होते. नव्या कॉम्प्रेसरची नस्ती मी परत पाठविली. आधी सर्व गळत्या काढल्या. हवा आत घेणारा फिल्टर धुळीने तुंबला होता, तो बदलला. फिल्टर तुंबला की सिलिंडरमध्ये पोकळी निर्माण होऊन तेल वर खेचले जाते. कोळशाने भरलेली नळी काढून नवी घातली आणि हवा ड्रायरपर्यंत पुरेशी थंड होऊन पोहोचेल इतकी तिची लांबी ठेवली. कॉम्प्रेसरमधून इंजिनकडे तेल परत नेणारा मार्ग मोकळा केला. या चार गोष्टी झाल्यावरच तेल अडविणारे कार्ट्रिज बसविले. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधी कार्ट्रिज बसवून मूळ दोष तसाच ठेवला तर महाग कार्ट्रिजही काही महिन्यांत तेलाने भरते. शेवटी चालकांसाठी एक साधा नियम केला. आठवड्यातून एकदा टाकीचा कॉक पांढऱ्या कागदावर उघडावा आणि तो कागद तारीख घालून लॉगबुकात ठेवावा. माझी तेथून बदली होईपर्यंत, म्हणजे पुढील दोन वर्षे, त्या गाडीसाठी कॉम्प्रेसर मागणारी नस्ती माझ्यापुढे आली नाही. त्या दोन वर्षांत मी कन्नड अक्षरेही शिकलो. उशिरा, पण शिकलो.

कोणी म्हणेल की हा प्रश्न आता जुना झाला, विजेच्या बस आल्या. आल्या आहेत हे खरे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत 14,028 विजेच्या बसगाड्यांचे उद्दिष्ट आहे आणि 2025 मध्ये त्यांपैकी 4,500 बंगळुरूच्या वाट्यास देण्यात आल्या. परंतु त्या गाड्यांचे ब्रेक आणि दारेही बहुधा हवेवरच चालतात. कॉम्प्रेसर तेथे विजेच्या मोटारीवर चालतो. काहींत तेल नसते, तर काहींत स्वतःचे तेल असते. तेल असलेल्या प्रकारांत उलटाच धोका संभवतो. कॉम्प्रेसर फार थोडा वेळ चालला तर तेल पुरेसे तापत नाही, त्यातील पाणी उडून जात नाही आणि तोच दुधाळ चिखल तयार होतो. यंत्र बदलले की प्रश्नाचे रूप बदलते. पाहण्याची जबाबदारी तीच राहते.

शिवाय या बसगाड्या बहुतांशी किलोमीटरमागे ठरलेल्या दराने चालविल्या जातात. गाडी आणि तिची देखभाल कंत्राटदाराची, पैसे महामंडळाचे, प्रवास जनतेचा. कोंबडी आणि मसाला आता दोन शाखांतही नव्हे, तर दोन संस्थांत विभागले गेले आहेत. म्हणून माझी सूचना अशी की, करारात ‘देखभाल समाधानकारक असावी’ असे मोघम वाक्य घालून थांबू नये. कॉम्प्रेसर दर शंभर किलोमीटरला किती मिनिटे चालला, ही नोंद गाडीचा संगणक ठेवू शकतो. ती दरमहा मागवावी. हा आकडा वाढू लागला की कोठेतरी गळती आहे असे समजावे, आणि गाडी रस्त्यात थांबण्यापूर्वी ती शोधावी. या एका आकड्यास खर्च जवळजवळ नाही.

ऑगस्ट 2025 पासून मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्र्यापर्यंत धावते. मध्यंतरी मी त्या टोकापर्यंत गेलो होतो. याच परिसरात औषधांचे मोठे कारखाने आहेत. कारखान्यातील हवेच्या शुद्धतेसाठी आयएसओ 8573 हे मानक आहे आणि त्याच्या पहिल्या वर्गात एक घनमीटर हवेत तेल 0.01 मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. औषधाला लागणारी हवा आपण इतक्या बारकाईने मोजू शकतो. ते औषध करणाऱ्या कामगारास घरी नेणाऱ्या बसची हवा मोजण्यास मात्र यंत्रही लागत नाही. एक पांढरा कागद पुरतो, आणि तो पाहणारा एक अधिकारी.