चाटी गल्लीचे गद्य

मराठीचे अध्यापन करणारी मंडळी ज्याच्याकडे सहसा ढुंकूनही पाहत नाहीत, अशा एका लेखनप्रकाराविषयी आम्ही आज लिहिणार आहोत. हा प्रकार म्हणजे लहान व्यावसायिकाच्या संकेतस्थळावरचा मजकूर. 'हा का साहित्याचा विषय?' असे म्हणत वाचकाच्या कपाळावर आठी उमटली असेल, तर आमचे भांडण नेमके त्या आठीशीच आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

निमित्त असे घडले. सोलापूरच्या पूर्व भागात चादरी विणणाऱ्या एका लहान कारखानदाराने काही दिवसांपूर्वी चार छापील पाने आमच्यापुढे ठेवली. मुलाच्या आग्रहावरून संकेतस्थळ काढण्याचे ठरले होते आणि ते उभारून देणाऱ्याने मजकुराचा नमुनाही सोबत जोडला होता. "सर, तुम्ही मराठीचे. ह्यात काय ठेवायचं, काय काढायचं, तेवढं सांगा की," एवढीच त्यांची अपेक्षा होती. आम्ही वाचू लागलो. 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास.' 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.' 'शतकानुशतकांची परंपरा आणि आधुनिकता यांचा सुरेख संगम.' 'विश्वासाचे दुसरे नाव.' चार पानांत 'चादर' हा शब्द तीनदा आला होता, 'सूत' हा शब्द एकदाही नव्हता. लांबी, रुंदी, वजन, किंमत यांपैकी कशाचाच पत्ता नव्हता. सोलापूरचे नाव होते, पण केवळ पत्त्यात.

आम्ही त्यांना एक साधी कसोटी सुचवली. प्रत्येक वाक्यातील कारखान्याचे नाव बोटाने झाकावे आणि तेच वाक्य शेजारच्या मिठाईच्या दुकानावर, समोरच्या दवाखान्यावर किंवा वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गावर लावून पाहावे. तिथेही ते बिनदिक्कत चालत असेल, तर खोडून टाकावे. तासाभराने चार पानांत पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक तेवढे शिल्लक उरले.

गृहस्थ नाराज झाले नाहीत. ते आत गेले, एक चादर घेऊन आले, आमच्यासमोर पसरली आणि बोलू लागले. ही पूर्ण सुती आहे, हिच्यात दुसरे काही मिसळलेले नाही. उलटी वापरा की सुलटी, नक्षी दोन्हीकडून दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. नवी असताना थोडी ताठ लागेल, कारण सुताला खळ असते. दोन-तीन धुलाईंनंतर मऊ पडते. पहिल्यांदा वेगळी धुवा, गार पाण्यात. काठ असा ओढून बघा, धागा सुटतो का ते कळेल. उन्हाळ्यात अंथरायला, थंडीत पांघरायला. हलकी हवी असेल तर ही घेऊ नका, दुसरी दाखवतो. वीस मिनिटांत त्यांनी एकदाही 'गुणवत्ता' हा शब्द उच्चारला नाही, आणि त्यांच्या मालाची गुणवत्ता आम्हाला पुरेपूर कळली.

आम्ही म्हणालो, "हेच लिहा." त्यांचा विश्वास बसेना. "हे तर आम्ही रोज गिऱ्हाइकाला सांगतो. ह्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

या एका प्रश्नात आपल्या गेल्या अनेक पिढ्यांच्या भाषाशिक्षणाचे अपयश साठलेले आहे, असे आमचे मत आहे. जे आपण बोलतो ते लिहिण्याजोगे नसते, आणि लिहायचे म्हणजे काहीतरी भारदस्त व अर्थहीन लिहायचे, ही समजूत या माणसाला कोणी दिली? शाळेतल्या निबंधाने दिली, समारंभांच्या निमंत्रणपत्रिकांनी दिली, गौरवग्रंथांनी दिली. थोडक्यात, आपण दिली. संकेतस्थळ उभारणारा तंत्रज्ञ तो पोकळ मजकूर कोठून शिकला? आपल्याच वर्गांतून.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लहान व्यावसायिकाने संकेतस्थळावर काय ठेवावे? आमचे उत्तर असे की, दुकानाच्या फळीवर गिऱ्हाईक जे विचारते त्याची उत्तरे ठेवावीत, आणि शक्यतो त्याच क्रमाने. हे काय आहे, कशाचे केले आहे, माप किती, वजन किती, किंमत किती आणि ती कोणत्या तारखेची, घरपोच मिळेल का, बिघडले तर परत घ्याल का, तुम्ही बसता कोठे, दुकान कधी उघडे असते, सुट्टी कोणत्या वारी. इलेक्ट्रॉनिक व्यापारासाठी २०२० साली केलेल्या ग्राहक संरक्षण नियमांनीही विक्रेत्याचे नाव-पत्ता, परतीच्या व भरपाईच्या अटी, तक्रारीसाठी संपर्क अशा गोष्टींवरच बोट ठेवले आहे. 'ध्येय आणि दृष्टी' लिहावी, असे ते नियम कोठेही म्हणत नाहीत.

चादरीऐवजी शेंगाचटणी घ्या. सोलापुरी शेंगाचटणीची नुसती स्तुती कोणालाही करता येते. परंतु ती उखळात कुटलेली की यंत्रात दळलेली, लसूण किती, तिखट बेताचे की झणझणीत, किती दिवस टिकते, प्रवासात तेल सुटून पिशवी खराब होईल काय, अन्न परवान्याचा क्रमांक कोणता, हे फक्त करणारा सांगू शकतो. जे फक्त करणाराच सांगू शकतो, तेच त्याने सांगावे. बाकीचे सांगायला साऱ्या जगाची तोंडे मोकळी आहेत.

यावर तीन आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. पहिला असा की, लोकांना 'परंपरा' आवडते, मग तिची गोष्ट का सांगू नये? जरूर सांगावी, पण खरी सांगावी. चादरीवरील नक्षी ज्या यंत्ररचनेमुळे उमटते ते जॅकार्ड फ्रान्समधील ल्याँ शहरच्या जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केले. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जेथे भोक असेल तेथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तेथला खाली राहतो, आणि मधून धोटा आडवा धागा टाकीत जातो. हीच छिद्रांची कल्पना पुढे चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी उचलली आणि तेथून ती संगणकाच्या पूर्वेतिहासात शिरली. म्हणजे जे संकेतस्थळ हे कारखानदार काढू पाहत आहेत, त्याची एक पूर्वज त्यांच्याच छपरीत खडखडत उभी आहे! ही हकीकत सोडून 'शतकानुशतकांची परंपरा' लिहिणाऱ्याला काय म्हणावे? सोलापूरची पहिली कापडगिरणी १८७७ सालची. तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे येथे वसली, माग चालू लागले, गिरण्या आल्या आणि काळाच्या ओघात बंद पडल्या, यंत्रमाग राहिले. हा खरा इतिहास आहे आणि तो कोणत्याही अलंकाराविना वाचनीय आहे.

खऱ्याचा आग्रह आम्ही धरतो त्याला व्यावहारिक कारणही आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ज्या कायद्यान्वये ते मिळते तो १९९९ चा, आणि त्याचा अंमल २००३ पासून सुरू झाला. हे मानांकन कोणा एका दुकानाची मालमत्ता नसते. ते त्या भूभागातील उत्पादकांचे असते, आणि ते वापरणाऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. दुसरीकडे विणलेला माल सोलापुरी म्हणून खपवला जातो, ही येथील विणकरांची तक्रार जुनीच आहे. मग प्रत्येक अस्सल उत्पादकाने आपल्या पानावर पहिल्या चार ओळींत काय लिहायला हवे? माल कोठे विणला, कोणत्या मागावर विणला, आपली नोंद आहे की नाही. हे न लिहिता 'अस्सल' हे विशेषण लावणारा उत्पादक नकली माल विकणाऱ्याच्याच भाषेत बोलत असतो, कारण 'अस्सल' तर तोही लिहितो. अस्सल आणि नक्कल यांतला भेद विशेषणाने दाखवता येत नाही, तो तपशिलाने दाखवावा लागतो. समीक्षेच्या तासाला आपण विद्यार्थ्यांना हेच सांगतो ना?

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. गिऱ्हाईक परगावचे, मराठी वाचणार कोण? इंग्रजी पान अवश्य असावे. पण ते कशाचे भाषांतर असणार? मुळात जेथे काहीच म्हटलेले नाही, त्याचे भाषांतर कोणत्याही भाषेत केले तरी हाती शून्यच लागते. शिवाय सोलापूरला एका भाषेची सक्ती कधीच मानवलेली नाही. येथल्या रामजोशींनी एकाच रचनेत अनेक भाषा नांदवल्या. मराठी माणूस 'माग' म्हणतो, कन्नड माणूस 'मग्ग', तेलुगू माणूस 'मग्गम'. हे तिन्ही शब्द एकाच गल्लीत ऐकू येतात. मराठीसोबत तेलुगू आणि कन्नड पान ठेवले, तर सोलापूरचे संकेतस्थळ सोलापूरसारखे दिसेल.

तिसरा आक्षेप सर्वांत ताजा. आता यंत्र क्षणार्धात मजकूर लिहून देते, मग एवढी मेहनत कशाला? यंत्र लिहिते हे खरे. पण त्याने तो पसरलेला काठ ओढून पाहिलेला नाही. त्याला काहीच सांगितले नाही, तर आजवर इतरांनी जे लिहिले त्याचीच सरासरी ते परत करणार, आणि ती सरासरी म्हणजे पुन्हा 'विश्वासाचे दुसरे नाव'. ती वीस मिनिटांची हकीकत आधी कोणीतरी ऐकली पाहिजे, टिपली पाहिजे. पुढे ती यंत्राकडून नीटनेटकी करून घ्यायची की हाताने, याविषयी आमचा काहीही आग्रह नाही.

आणि येथे आम्ही साहित्याच्या मंडळींकडे वळतो. ऐकणे आणि टिपणे हे काम कोणाचे? मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती आली; शेतकऱ्या-कारागिरांच्या तोंडचे शब्द टिपले नसते तर तो कोश आजही आपल्या उपयोगी पडला नसता. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गाव-गाडा' लिहिले. कादंबरी नाही, कविता नाही, गावच्या व्यवहाराचा वृत्तान्त. तरी मराठी गद्याचा विचार त्याला वगळून करता येत नाही. सोलापुरात 'चाटी गल्ली' आहे. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. शब्द बोलण्यातून गेला, गल्लीच्या पाटीवर उरला. ताणा, बाणा, धोटा, कांडी, फणी, खळ हे शब्दही त्याच वाटेने जाणार काय? जो शब्द व्यवहारात लिहिला जात नाही, तो एक दिवस व्यवहारात बोललाही जात नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. आपण पेढे वाटले, परिसंवाद घेतले. ज्या भाषेत चादरीचे वजन लिहायला आपण लाजतो, तिचे अभिजातपण कोठे ठेवायचे? सोलापूरला २००४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. आमची सूचना एवढीच, की येथील मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीपूर्वी एका लहान दुकानाचा मजकूर लिहावा. आधी एक दिवस दुकानात बसून ऐकावे, मग पाचशे शब्द लिहावेत, आणि नाव झाकून पाहण्याची कसोटी प्राध्यापकांनी लावावी. 'आठवणीतला पाऊस' या निबंधापेक्षा हे काम अवघड आहे, हे पहिल्याच वर्षी सर्वांना कळेल.

शेवटी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे, कारण ती अजून मिटलेली नाही. आम्ही त्या कारखानदारांना म्हणालो, मागावर बसणाऱ्यांची नावेही पानावर घाला. ज्याने विणली त्याचे नाव कळू द्या. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, नावं घातली की पलीकडचा जादा पैसे देऊन माणूस पळवील की." आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. नाव लपवल्याने ज्याची मजुरी वाढत नाही, त्याचे नाव का लपवायचे, हे उत्तर आम्हाला घरी परतल्यावर सुचले. दुसऱ्या दिवशी ते आम्ही त्यांना बोलून दाखवले, आणि आधी त्या विणकरांनाच विचारा, असेही सुचवले. विचारतो म्हणाले आहेत. लांबी, रुंदी, वजन, किंमत, धुण्याची रीत आणि पत्ता एवढे पान सध्या तयार आहे. नावांची जागा मोकळी ठेवली आहे.