टिंबक्टूचे दर्गे पाडणाऱ्याला शिक्षा झाली, म्होरक्या मात्र अजून मोकळाच

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात सहारा वाळवंटाच्या कडेला टिंबक्टू हे जुनं शहर आहे. ३३३ पीरांचं शहर अशी त्याची ओळख. तिथल्या मशिदी न् दर्गे मातीचे. आपल्याकडं जुन्या धाब्याच्या घरांना लिंपण करतात, तसं तिथं सगळा गाव गोळा होऊन डागडुजी करतो. म्हातारी माणसं, बायका, पोरं, सगळेच हात लावतात.

एप्रिल २०१२ मध्ये अन्सार दीन आणि अल कायदाशी जोडलेल्या टोळ्यांनी शहर ताब्यात घेतलं. जूनअखेर कुदळी, पहारी घेऊन दर्गे फोडायला सुरुवात झाली. कबरीपुढं प्रार्थना करणं धर्माविरुद्ध आहे, हे कारण सांगितलं गेलं. पाडणारे मुसलमान आणि ज्यांचे दर्गे पाडले तेही मुसलमानच. म्हणजे भांडण दोन धर्मांचं नव्हतं.

मग दर्गेच का? तिथं ना फौज होती, ना दारूगोळा. पण गाव ज्या ठिकाणी एकत्र येतो ते ठिकाण डोळ्यांदेखत पाडलं, की लोकांचा धीर खचतो. आता हुकूम कुणाचा चालणार, हे न बोलता कळतं.

युद्धात वारसास्थळं वाचवण्यासाठी १९५४ चा हेग करार आहे, भारतही त्यात आहे. तरी केवळ अशा गुन्ह्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पहिला निकाल यायला २०१६ साल उजाडलं. अहमद अल महदी याने दहा वास्तूंवरच्या हल्ल्याचा गुन्हा कबूल केला, माफी मागितली. ९ वर्षांची कैद झाली, पुढं त्यातली दोन वर्षं कमी झाली. २०१७ मध्ये २७ लाख युरो भरपाई ठरली. त्याच्याकडं पैसा नव्हता, म्हणून पीडितांसाठीच्या निधीवर भार आला.

दर्गे मात्र निकालाआधीच, २०१५ मध्ये उभे राहिले. युनेस्कोनं मदत केली, बांधकाम तिथल्याच गवंड्यांनी जुन्या पद्धतीनं केलं.

अन्सार दीनचा म्होरक्या इयाद अग घाली याच्यावरचं वॉरंट २०२४ मध्ये जाहीर झालं. तो अजून हाती लागलेला नाही. हुकूम देणारा मोकळा असेल तर कायद्याचा धाक कुणाला वाटणार? भिंती गावानं पुन्हा उभ्या केल्या. म्होरक्याला पकडणं मात्र गावाच्या हातात नाही, ते काम सरकारांचं आहे.